पाव्हणा येतोय, भिंत बांधा

माझा बाप झाडूखात्यात होता. मी सातवीत असतानाची गोष्ट. एका संध्याकाळी मुकादम वस्तीत आला आणि म्हणाला, "उद्या परदेशी पाव्हणा येतोय. बाराला हजेरी." बारा म्हणजे रात्रीचे बारा. बाप गेला. पहाटेपर्यंत त्या लोकांनी रस्ता झाडला, टँकरच्या पाण्यानं धुतला, कडेला चुन्याची फक्की मारली. उजाडायला लागलं तसं मुकादमानं सगळ्यांना गल्लीबोळात पिटाळलं. पाव्हण्याची गाडी जाईपर्यंत रस्त्यावर एकही झाडूवाला दिसता कामा नये, असा वरून हुकूम. बाप दहाला घरी आला. आईनं विचारलं, "कोण व्हता पाव्हणा?" बाप म्हणाला, "मला काय दिसतंय? मी गल्लीत व्हतो. भोंगा ऐकला."

ज्यानं रस्ता धुतला त्याच्या वाट्याला भोंगा. बस्स. बापाला त्यात काही विशेष वाटलं नाही. जेवला आणि झोपला. मलाही तेव्हा काही वाटलं नाही. पुढं वाचायला लागलो, चळवळीत आलो, तेव्हा कळलं की ही एकट्या माझ्या बापाची गोष्ट नव्हे. हा आपला इतिहास आहे, आणि तो कुणी लिहिलेला नाही. शाळेच्या पुस्तकात पाव्हणा असतो, त्याचा हार असतो, करार असतो, फोटो असतो. गल्लीत दडपलेली माणसं नसतात.

म्हणून दोस्तहो, हा लेख गल्लीतून लिहितो आहे.

सगळ्यात आधी अहमदाबाद. कारण तिथं जे घडलं ते इतकं उघडं होतं की कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये.

२४ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प अहमदाबादला आले. विमानतळ, मग साबरमती आश्रम, मग मोटेऱ्याचं नवं क्रिकेट स्टेडियम. तिथं लाखभर लोकांसमोर 'नमस्ते ट्रम्प'. सगळं मिळून काही तासांचा मामला. विमानतळाकडून इंदिरा पुलाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक झोपडपट्टी आहे. सराणियावास. सराणिया म्हणजे धार लावणारी भटकी जमात. सुऱ्या, कात्र्या, विळे यांना सहाणेच्या चाकावर धार लावत पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरलेली माणसं. भटकून भटकून कुठंतरी टेकली ती इथं. दोनेक हजार वस्ती. पाणी, संडास, गटार यांची बोंब. ही बोंब कैक वर्षांची. तिच्यासाठी कधी रात्रपाळी लागली नाही.

पाव्हणा यायचा म्हटल्यावर रात्रपाळी लागली. महापालिकेनं त्या वस्तीसमोर रस्त्याच्या कडेनं भिंत बांधायला काढली. जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब. आधी ती सहा-सात फूट उंच होणार अशा बातम्या होत्या. जगभर बोभाटा झाला तेव्हा चारेक फुटांवर थांबली. अधिकारी म्हणाले, ही सुरक्षेसाठी आहे. फूटपाथवरचं अतिक्रमण रोखायला आहे. झाडं वाचवायला आहे. पण भिंत बांधणाऱ्या ठेकेदारानं परदेशी बातमीदाराला सरळ सांगून टाकलं की पाव्हणा जाताना झोपडपट्टी दिसू नये अशी सरकारची इच्छा आहे, आणि दीडशेवर गवंडी दिवसरात्र कामाला लावलेत. ठेकेदार खोटं बोलला नाही. त्याला बिचाऱ्याला कारणं शिकवायची राहून गेली असावीत.

आता सुरक्षेचं बघू. सुरक्षा हा काही फालतू मुद्दा नाही. १९६३ साली अमेरिकेचा अध्यक्ष उघड्या गाडीत गोळी लागून मेला. आपल्याकडं दोन पंतप्रधान, एक पदावरच्या आणि एक माजी, मारले गेले, १९८४ आणि १९९१ साली. पाव्हण्याचा जीव वाचवणं हे यजमानाचं काम आहे, ते मी नाकारत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये ओबामा मुंबईत आले, मणिभवनात जायचे होते, तर तिथल्या झाडांचे नारळ उतरवले. पाव्हण्याच्या टाळक्यात नारळ पडू नये म्हणून. लोक हसले. पण त्याला निदान अर्थ होता. नारळ खरंच पडतो. चार फुटांच्या भिंतीला काय अर्थ? ती उडी मारून ओलांडता येते. बंदुकीची नळी तिच्यावर टेकवता येते. ती अडवते ते एवढंच, चालत्या गाडीत बसलेल्या माणसाची नजर. हिरवं कापड तर तेवढंही नाही. कापड गोळी अडवत नाही, नजर अडवतं. तेव्हा सुरक्षा आणि लपवाछपवी या दोन गोष्टी कुणी एकात एक मिसळून सांगायला लागला तर त्याला नारळ आणि भिंत यातला फरक विचारावा.

भिंतीपाशी गोष्ट संपली नाही. मोटेऱ्याच्या स्टेडियमजवळ पंचेचाळीस कुटुंबं राहात होती. बरीचशी बांधकाम मजूर. पाव्हणा येण्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांना महापालिकेच्या नोटिसा आल्या की सात दिवसांत जागा खाली करा. ती माणसं सांगत होती, आम्ही इथं कैक वर्षं राहतोय, आम्ही नोंदलेले मजूर आहोत. महापालिका म्हणाली, हे नगररचनेच्या जागेवरचं अतिक्रमण आहे, पाव्हण्याशी त्याचा काही संबंध नाही. संबंध नसेलही. पण वर्षानुवर्षं न दिसलेलं अतिक्रमण नेमकं त्याच आठवड्यात कसं दिसलं, एवढंच विचारायचं.

मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे की ते बांधकाम मजूर होते. आणि पाव्हण्यासाठी रस्ता, कठडा, भिंत, स्टेडियम सगळं उभं राहतं ते बांधकाम मजुरांच्याच हातांनी. वस्ती झाकायला दीडशे गवंडी लागले. ते गवंडी रात्री झोपायला कुठं जात असतील? बंगल्यात? गवंड्यानं बांधलेली भिंत गवंड्याच्याच भावकीला झाकते. माझ्या बापानं धुतलेला रस्ता माझ्या बापालाच बंद. मला या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे, ती हीच. पाव्हणा येतो तेव्हा आपलं काम हवं असतं, आपण नको असतो.

हे ट्रम्पपासून सुरू झालं असं समजू नका. त्याच अहमदाबादेत सप्टेंबर २०१४ मध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग आले, त्यांना साबरमतीच्या काठावर नेलं, झोपाळ्यावर बसवलं. सगळ्या वर्तमानपत्रांत तो झोपाळा आला. त्या रिव्हरफ्रंटसाठी नदीकाठच्या दहा हजारांहून जास्त कुटुंबांना उठवलं होतं. त्यासाठी लोक हायकोर्टात गेले होते. कित्येकांना शहराबाहेर पिपळजला, कचऱ्याच्या डोंगराजवळ नेऊन टाकलं होतं. ते कुठल्या फोटोत आलं नाही. झोपाळ्याच्या खाली कुणाची चूल होती हे पाव्हण्याला कसं कळणार? आणि त्यानं विचारावं तरी का? त्याच्याही देशात पाव्हणा आला की हेच करतात. २००८ च्या ऑलिंपिकआधी पेइचिंगमधल्या जुन्या वस्त्या अशाच भिंतींआड गेल्या होत्या. राजे-अध्यक्ष लोक एकमेकांची ही रीत ओळखून असतात.

आता जरा मागं जाऊ. कारण ही रीत जुनी आहे आणि तिचे दोन धागे आहेत. एक हाकलायचा, एक राबवायचा.

हाकलायचा धागा बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलना'च्या १९३६ च्या भाषणात दाखवून दिलाय. पेशव्यांच्या राज्यात सवर्ण माणूस रस्त्यानं येत असेल तर अस्पृश्यानं त्या रस्त्यावर थांबायचं नाही, का तर सावलीचा विटाळ. पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं. म्हणजे आपली पावलंही मागं उरता कामा नयेत. स्वतःच पुसायची. आज सावलीच्या विटाळाचा कायदा नाही. पण मोठ्या माणसाच्या वाटेवर आपली नुसती नजरानजर झाली तरी देशाची अब्रू जाते, हा विटाळच आहे की नाही सांगा. पूर्वी आपल्या सावलीनं त्यांचं अंग बाटायचं, आता आपल्या दिसण्यानं त्यांची प्रतिमा बाटते.

राबवायचा धागा मला पुस्तकात सापडला नाही, तो आजीनं सांगितला. तिच्या लहानपणी गावाला साहेबाचा डेरा पडायचा. कलेक्टर असो, मामलेदार असो, गोरा असो, काळा असो, म्हारवाड्याला सारखाच. आजी सांगायची, "डेरा पडला का आमच्यात सुतक पडल्यावानी. बापये लाकूडफाटा आणायला. बाया शेण-सारवणाला. घोड्याला गवत आमी आणायचं, घोड्याफुडं पळायचं आमी. आन सायेब चावडीवर आला का आमचंच माणूस लांब उनात हुबं. त्येला हाक मारली तरच बोलायचं." मी विचारलं, "मजुरी किती मिळायची?" आजी हसली. म्हणाली, "मजुरी? त्येला वतन म्हणायचे, लेकरा."

वतन. १८७४ च्या कायद्यानं इंग्रजानं त्याला शिक्का मारून दिला होता. चार-दोन बिघे इनाम आणि बलुतं, बदल्यात सगळा गाव आणि सगळं सरकार चोवीस तास मालक. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात हा कायदा सुधारायचं बिल आणलं, ते उगाच नाही. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक साहेबाची फुकट सरबराई हा त्या वतनाचा गाभा होता. ते कनिष्ठ गावकामगारांचं वतन कायद्यानं गेलं १९५८ साली, बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी. कायदा गेला. मुकादमाची हाक राहिली. "उद्या पाव्हणा येतोय. बाराला हजेरी."

आता इंग्रजांचे मोठे पाव्हणे. २ डिसेंबर १९११ रोजी राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत अपोलो बंदरावर उतरले. त्याची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया. गंमत बघा, राजा उतरला तेव्हा ती कमान नव्हतीच. तात्पुरता देखावा उभा केला होता. पायाचा दगड बसला ३१ मार्च १९१३ ला, आणि कमान उघडली ४ डिसेंबर १९२४ ला. पाव्हणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी त्याचा दरवाजा तयार झाला. आणि त्याच दरवाजातून फेब्रुवारी १९४८ मध्ये इंग्रजांची शेवटची पलटण निघून गेली. आज आपण पोराबाळांना घेऊन तिथं फोटो काढतो. कुणाच्या हातांनी दगड चढवला हे तिथं कोरलेलं नाही.

राजा मुंबईहून दिल्लीला गेला. १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात त्यानं जाहीर केलं, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला. टाळ्या झाल्या. पण राजधानी आकाशात बांधत नाहीत. १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होताच. रायसिना, मालचा अशा गावांची जमीन गेली, कुणबी, मजूर, कारागीर सगळे उठले. पाव्हण्याच्या एका भाषणानं गावंच्या गावं नकाशावरून पुसली. रायसिना हे नाव राहिलं, गाव राहिलं नाही. आज परदेशी पाव्हण्याला जिथं सलामी देतात ते राष्ट्रपती भवनाचं आवार त्याच टेकडीवर आहे. लाल गालिचा अंथरतात तो उठवलेल्या गावाच्या जमिनीवर. टीव्हीवर पुढल्या वेळी बघाल तेव्हा ध्यानात ठेवा.

दहा वर्षांनी राजाचा पोरगा आला. प्रिन्स ऑफ वेल्स, १७ नोव्हेंबर १९२१, मुंबई. असहकाराचे दिवस. काँग्रेसनं बहिष्कार पुकारला, परळला परदेशी कपड्यांची होळी झाली. एका बाजूला स्वागताला गेलेले पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, दुसऱ्या बाजूला हरताळवाले. डोक्यावरच्या टोप्या ओढण्यापासून सुरुवात झाली आणि प्रकरण दगड, लाठ्या, गोळ्या यांच्यावर गेलं. तीन-चार दिवस शहर जळत होतं. गांधींनी उपास धरला. ५८ माणसं मेली. मेलेल्यांत राजपुत्र नव्हता, व्हाइसरॉय नव्हता, बहिष्काराचा एकही मोठा पुढारी नव्हता. राजपुत्राचा दौरा ठरल्याप्रमाणं पुढं चालू राहिला. मला या गोष्टीतून इतकंच दिसतं की पाव्हण्याला ओवाळणारे आणि पाव्हण्याला काळे झेंडे दाखवणारे, दोघांनाही रस्त्यावरचा माणूस वापरायला हवा असतो. ओवाळणारा त्याला झाकतो, झेंडेवाला त्याला पुढं ढकलतो. विचारत दोघंही नाहीत. हे आपल्याला, निषेधाचे मोर्चे काढणाऱ्यांनासुद्धा, लागू आहे.

स्वातंत्र्य आलं. राजे गेले, अध्यक्ष यायला लागले. मार्च २००० मध्ये क्लिंटन हैदराबादला आले, भिकाऱ्यांना रस्त्यावरून उचललं. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथंच उद्योजकांच्या जागतिक परिषदेला अमेरिकेच्या अध्यक्षांची मुलगी आली. ती राष्ट्रप्रमुखही नव्हती. पोलीस आयुक्तांनी दोन महिने भीक मागायला बंदी घातली आणि उचललेल्या माणसांना तुरुंगांच्या आवारातल्या केंद्रांत नेलं. भिकाऱ्याला गुन्हेगार ठरवणारा देशातला मोठा कायदा आपल्याच मुंबई राज्यानं १९५९ साली केलेला आहे, हे विसरू नका. तो दिल्लीलाही लावला होता. दिल्ली हायकोर्टानं ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरता त्याचा गाभा रद्द केला.

डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० ची बैठक मुंबईत झाली. रस्त्याकडच्या झोपडपट्ट्यांसमोर पडदे लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच जी-२० साठी देशोदेशीचे मोठे लोक दिल्लीत यायचे होते, तिथंही झोपडपट्ट्यांना हिरवं कापड. त्याआधीचे काही महिने दिल्लीत बुलडोझर फिरत होते. सरकारनं संसदेत सांगितलं की १ एप्रिल ते २७ जुलै २०२३ या काळात दिल्लीत अतिक्रमण हटवण्याच्या ४९ मोहिमा झाल्या, सुमारे २३० एकर जागा मोकळी झाली, आणि जी-२० च्या सुशोभनासाठी एकही घर पाडलेलं नाही. पुन्हा तेच. संबंध नाही. बैठकीच्या तीन दिवसांत नवी दिल्लीचा मधला भाग बंद. दुकानं बंद, कचेऱ्या बंद. कचेरीतल्या साहेबाला त्या दिवसांचा पगार मिळाला. चहाच्या गाडीवाल्याला काय मिळालं? पगारी माणसाला सुट्टी लागते, हातावर पोट असलेल्याला उपास लागतो. बंद तोच, पण दोघांच्या घरी वेगवेगळा पोचतो.

मित्रांनो, इथवर नुसतं रडगाणं झालं असं वाटेल. आता खरा मुद्दा.

बाबासाहेबांचं एक छोटं लिखाण आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. १९३५-३६ च्या सुमाराचं, छापून आलं १९९० साली. बडोद्याला पारशी खानावळीतून त्यांना काठ्या घेऊन कसं हाकललं, ती हकीकत त्यात आहे. पण त्याची सुरुवात कुणाला उद्देशून आहे? परदेशी माणसाला. बाबासाहेब म्हणतात, परदेशी लोकांना अस्पृश्यता आहे हे ऐकून ठाऊक असतं, पण ते तिच्या शेजारी राहात नाहीत, म्हणून ती किती छळते हे त्यांना उमगत नाही. म्हणून मी प्रसंग सांगतो. हे वाचताना मला सराणियावासाची भिंत आठवली आणि डोक्यात लख्खन काहीतरी झालं. बाबासाहेब परदेशी माणसाला जे दाखवायला धडपडले तेच झाकायला सरकारनं विटा आणल्या.

आणि हे त्यांचं एकदाचं नाही, आयुष्यभराचं धोरण होतं. परदेशी समिती आली की तिच्यासमोर जायचं आणि आपलं गाऱ्हाणं आपल्या तोंडानं सांगायचं. १९१९ साली साउथबरो समितीपुढं साक्ष. १९२८ साली सायमन कमिशन आलं, देशभर काळे झेंडे, आणि बाबासाहेब बहिष्कृत हितकारिणी सभेचं निवेदन घेऊन उभे. त्यासाठी शिव्या खाल्ल्या. मग लंडनच्या गोलमेज परिषदा. १९४६ साली अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र, की तुमचे लोक संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज करताहेत म्हणे, त्याच्या प्रती मिळतील का. पाव्हण्याची त्यांना भुरळ नव्हती आणि भीतीही नव्हती. पाव्हणा म्हणजे त्यांना साक्षीदार होता. १९७२ साली आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथर नाव घेतलं, तेही याच वाटेनं. तिकडच्या दडपलेल्याला इकडचा दडपलेला दिसला पाहिजे.

उलट बाजूला भिंत बांधणारे होतेच. २००१ साली दरबानला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद झाली. दलित कार्यकर्ते इथून गेले, म्हणाले जातीचाही विचार करा. भारत सरकार म्हणालं, नको, हा आमचा घरचा मामला. ती पण भिंतच. विटांची नव्हती एवढंच.

तेव्हा भिंतीचा अर्थ नीट ओळखा. भिंत बांधणाऱ्याला आपण दिसण्याची भीती वाटते. आपण गरीब आहोत ही आपली लाज नव्हे. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत संडास देता आला नाही ही त्याची लाज आहे, आणि ती तो आपल्या अंगावर पांघरूण घालून झाकतो. आपल्यातलीच काही पोरं म्हणतात, "जाऊ दे ना भाऊ, पाव्हणा आला म्हणून रस्ता तरी झाला." झाला, खरं आहे. माझ्या आजीच्या गावचा रस्ताही साहेबाच्या घोड्यासाठीच झाला होता. पण रस्ता हा पाव्हण्याच्या पुण्याईनं मिळत असेल तर तो हक्क नव्हे, उष्टं आहे.

मग करायचं काय? पाव्हण्याच्या गाडीपुढं आडवं पडा असं मी सांगत नाही. त्यात तुमचं डोकं फुटेल आणि बातमी दोन ओळींची येईल. करायचं ते आधी आणि नंतर.

आधी म्हणजे कागद. वस्तीतलं प्रत्येक घर वहीत लिहा. कधीपासून राहतात, रेशनकार्ड, लाइटचं बिल, मतदार यादी, फोटोपास. आपल्या राज्यात १ जानेवारी २००० ही तारीख कित्येक घरांचं जगणं-मरणं ठरवते, त्या आधीचा एक कागद सापडला तर घर वाचतं. नोटीस आली तर फाडू नका. कुठल्या कायद्याखाली, कुठल्या कलमाखाली, किती दिवसांची, ते वाचा. १९८१ च्या पावसात मुंबईच्या फूटपाथवरच्या माणसांना हाकलायचा हुकूम निघाला, त्यातून १९८५ चा ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल आला. कोर्ट म्हणालं, पोट हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, न सांगता-ऐकता हाकलू नका. पण हाकलूच नका असं म्हणालं नाही. अर्धी भाकर दिली. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा सांगतो, सर्वेक्षण झाल्याशिवाय फेरीवाल्याला उठवायचं नाही, आणि उठवायचं तर तीस दिवसांची नोटीस. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बुलडोझरला लगाम घातला, पंधरा दिवसांची नोटीस पाहिजे म्हणालं. पण रस्ता, फूटपाथ, रेल्वेलाइन, नदीकाठ इथल्या बेकायदा बांधकामांना ते संरक्षण नाही. आता सांगा, आपली माणसं कुठं राहतात? रस्ता, फूटपाथ, रेल्वेलाइन, नदीकाठ. म्हणजे लढाई तिथूनच पुढं न्यायची आहे.

नंतर म्हणजे हिशेब. पाव्हणा गेला की माहितीच्या अधिकारात विचारा. भिंतीला किती खर्च, कुठल्या खात्यातून, ठराव कुणी केला, तेवढ्या पैशात संडास किती झाले असते. आणि एक वही घाला. पाव्हणा आला त्या दिवशी वस्तीत कुणाचा किती रोज बुडाला, कुणाची गाडी उचलली, कुठली बाळंतीण बंद रस्त्यावर अडकली, कुणाला रात्रपाळी लावली आणि तिचे पैसे मिळाले का. तारीखवार लिहा. त्यांच्याकडं फोटो असतात, आपल्याकडं नुसत्या आठवणी. आठवणीला कोर्ट विचारत नाही आणि इतिहासही विचारत नाही.

आणि एक कडू गोष्ट. चौदा एप्रिलला आपल्या वस्तीत कुणी मंत्री येणार असला की आपलं मंडळ काय करतं? आपलीच पोरं कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशीला सांगतात, "मावशी, दोन तास टोपली आत घ्या, सायब येताहेत." दोन तासांत मावशीची मेथी सुकते. दारुड्या म्हाताऱ्याला उचलून मागल्या गल्लीत ठेवतात. गटारावर फळी टाकून वर सतरंजी. मी स्वतः ती फळी टाकलेली आहे. तेव्हा अहमदाबादच्या ठेकेदाराला शिव्या देताना माझी जीभ जरा अडखळते. त्या मंत्र्याला ते उघडं गटार दाखवायलाच तर बोलवायला हवं होतं. बाबासाहेबांच्या फोटोसमोर आपण बाबासाहेबांच्या उलटं वागतो.

शेवटी एक तारीख. पाव्हणा २४ फेब्रुवारी २०२० ला अहमदाबादेत आला. बरोबर महिन्यानं, २४ मार्चच्या रात्री, करोनासाठी सगळा देश बंद केल्याचं जाहीर झालं. चार तासांत. आणि मग जी माणसं पाव्हण्याला दिसू नयेत म्हणून विटा रचल्या होत्या तसलीच माणसं, गवंडी, बिगारी, हमाल, मोलकरणी, लाखोंनी महामार्गावर आली. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, पायांना फोड. गावाकडं चालत. साऱ्या जगानं पाहिली. एवढी लांब भिंत कुठल्याच महापालिकेकडं नव्हती.

मी ती वही घातलीय. पहिल्या पानावर बापाची नोंद केली. काम, रस्ता धुणे. हजेरी, रात्री बारा. मजुरी, रात्रपाळीची वेगळी नाही. पाव्हण्याचं नाव, माहीत नाही. दुसरं पान कोरं आहे. तुमच्या वस्तीतलं पाठवा.